जामीन कोण राहणार?



अनुवाद ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात कर्ज देणाऱ्यासाठी काही नियम घालून दिले आहेत. गरिबाचे जाते गहाण घेऊ नये, कारण त्यावर त्याचे पोट चालते. तारण आणायला त्याच्या घरात शिरू नये. आपण बाहेर उभे राहावे आणि त्याने ते आणून द्यावे. पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे. कर्ज देऊच नका, असे देव येथे म्हणत नाही. कर्जदाराचा उंबरठा ओलांडू नका, असे म्हणतो. आज मोबाईलवर झटपट मिळणारी काही कर्जे उंबरठाच काय, फोनमधल्या प्रत्येक नातेवाइकापर्यंत पोहोचतात आणि माणसाची अब्रू वेशीवर टांगतात.

थोडा हिशेब करू. सावकाराकडून दहा हजार रुपये महिना दहा टक्क्यांनी घेतले, तर दरमहा हजार रुपये नुसते व्याज जाते. वर्षभरात बारा हजार भरले तरी दहा हजारांचे मुद्दल जसेच्या तसे उभे. तीच रक्कम पतपेढीतून वर्षाला १२ टक्के दराने बारा हप्त्यांत फेडायची म्हटली, तर महिन्याला सुमारे ८८८ रुपये पडतात. वर्षाअखेर कर्ज संपते आणि व्याज जाते साधारण ६६० रुपये. मग लोक सावकाराकडे का जातात? कारण तो पगाराची पावती मागत नाही. भाड्याच्या खोलीत राहून चार घरची कामे करणाऱ्या बाईने ती कोठून आणावी?

चर्चला हा प्रश्न नवा नाही. पैसा हा वापरला की संपतो, म्हणून पैसा परत घेऊन वर त्याच्या वापराचे मोल मागणे म्हणजे एकच वस्तू दोनदा विकणे, असे संत थॉमस अक्वायनस म्हणत. सेमिनरीत हे शिकताना युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण घरात आजारी मूल असलेल्या माणसाला युक्तिवाद नको, आज पैसे हवे असतात. फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी ते ओळखले. १४६२ साली इटलीतील पेरुजा येथे त्यांच्या प्रेरणेने गरिबांसाठी अल्प खर्च आकारून तारणावर कर्ज देणारी पेढी निघाली. अशा पेढ्यांना १५१५ साली लॅटरन धर्मपरिषदेने मान्यता दिली.

आजच्या पतपेढीशी अधिक जवळचे नाते आहे ते कॅनडातील आल्फोन्स देजार्दँ या प्रापंचिकाचे. ते संसदेत लघुलेखक होते. १८९७ साली सावकारीवरील एक भाषण टिपून घेताना ते अस्वस्थ झाले. तीन वर्षे अभ्यास करून ६ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी लेव्ही या आपल्या गावी लोकांची पतपेढी स्थापन केली. पहिल्या दिवशी जमा झाले २६ डॉलर ४० सेंट! कारभार घरातूनच चाले आणि पत्नी दोरिमेन तो सांभाळत. या पेढ्या धर्मग्रामाच्या हद्दीत बांधलेल्या असत, आणि यातच त्यांचे मर्म आहे. ज्याच्याजवळ तारण नाही त्याची चालचलणूक हेच तारण, आणि ती शेजाऱ्यालाच ठाऊक असते. १९०८ साली अमेरिकेतील पहिली अशी पेढी मँचेस्टर गावच्या सेंट मेरी धर्मग्रामात सुरू झाली, ती गिरणी कामगारांसाठी. त्यानंतर दहा वर्षांनी, १९१८ साली, वसईत मोन्सिन्यर पी. जे. मोनीस यांनी जी सहकारी पतसंस्था सुरू केली तिचीच पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली. २००९ साली परमगुरुस्वामी सोळावे बेनेडिक्ट यांनी आपल्या विश्वपत्रात सहकारी पतसंस्थांच्या अनुभवाचा गौरवाने उल्लेख केला आहे.

आता आपल्याकडे येऊ. पतपेढी ठेवींवर चालते. ज्यांना कर्जाची गरज नाही त्यांनी ठेव ठेवली, तरच गरजूला कर्ज मिळते. अर्ध्या टक्क्यासाठी सगळी रक्कम दुसरीकडे नेताना हे ध्यानात असू द्यावे. पण डोळे मिटून ठेवा, असे मी म्हणणार नाही. सहकारी बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. म्हणून निवृत्तीची सगळी पुंजी तेथे ठेवू नये. झेपेल तेवढीच ठेवावी, लेखापरीक्षण अहवाल वाचावा आणि वार्षिक सभेला जावे. एक सभासद, एक मत. शेअर्स कितीही असोत. नुसता अल्पोपाहार घेऊन परतणाऱ्यांनी, थकबाकी किती आणि संचालकांच्या नातेवाइकांना कर्जे किती, एवढे दोन प्रश्न तरी विचारावेत. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, ते एकाच उद्योगसमूहाला दिलेली प्रचंड कर्जे लपवल्यामुळे. त्याचे चटके सामान्य ठेवीदारांनी सोसले.

राहिला जामिनाचा प्रश्न. पुष्कळ अर्ज तेथेच अडतात. "फादर, बायबलच जामीन राहू नका म्हणते," असे मला सांगितले जाते. नीतिसूत्रांत तसा इशारा आहे, खरा. पण सिराक ग्रंथाचा २९ वा अध्याय पूर्ण वाचा. सज्जन शेजाऱ्याला जामीन राहतो, असे तो म्हणतो. जामिनामुळे कित्येकांची घरे बुडाली, हेही तो लपवत नाही, आणि शेवटी ऐपतीप्रमाणे मदत करा पण स्वतः पडू नका, असे सांगतो. दहा-वीस हजारांच्या कर्जाला दोन पगारदार जामीन लागतात. आपल्या वाडीत, चाळीत तेवढे पगारदार नक्कीच आहेत. सही करण्यापूर्वी कर्ज कशासाठी हे विचारा, हप्ते जातात की नाही हे दर महिन्याला पाहा, आणि एखादा हप्ता चुकला तर त्याच्या घरी जा. मात्र आधी दारावर टकटक करा.