पडीक चॅपल घ्यावं का?

प्रश्न : आम्ही वेल्समध्ये राहतो. जवळचं बंद पडलेलं जुनं चॅपल लिलावात निघालंय. घेऊन घर करावं का?

उत्तर : जरूर, पण आधी ते 'कॅडू' या वेल्स सरकारच्या वारसा-सेवेच्या यादीत आहे का, ते पाहा. असेल तर नियोजन परवानगीखेरीज वेगळी संमती लागते. तिच्याविना आतला लाकडी सज्जा काढणं हा फौजदारी गुन्हा ठरतो. छपरातल्या वटवाघळांनाही कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची पाहणी साधारण मे ते सप्टेंबरातच होते, वेळापत्रक नेमकं तिथेच अडकतं. आवारात थडगी असतील तर वकिलाला १८८४चा दफनभूमी कायदा तपासायला सांगा.

उंची पाहून सरसकट मजला टाकायचा मोह होतो आणि सुंदर उंच खिडक्या मधोमध कापल्या जातात. मजला खिडक्यांपासून हातभर आतच थांबवा. ओल दिसली म्हणून सिमेंटचा गिलावा नको. दगडी भिंतीतली ओल आतच कोंडते. चुनाच वापरा. सर्वेक्षकाचा अहवाल हाती आल्याशिवाय बोली लावू नका.