पडदा काळा, यंत्र मात्र जागे

(द्वितीय वर्ष, कला)

संगणकाची कळ दाबली, पंखा फिरू लागला, पण पडदा काळाच राहिला, की बहुतेक जण ‘यंत्र गेले’ असा निकाल देऊन मोकळे होतात. मग ते कोपऱ्यात पडते किंवा भंगारात निघते आणि त्यातील टिपणे, हिशेब, टंकलिखित प्रबंध हेही त्याबरोबर जातात. हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. पडदा न दिसणे आणि यंत्र न चालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. लिनक्स प्रणालीच्या आधारे प्रस्तुत लेखात हे पाहावयाचे आहे.

संगणक एकदम सुरू होत नाही. तो पायरीपायरीने जागा होतो. प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर स्मृती, कळफलक इत्यादींची तपासणी करते. नंतर ‘ग्रब’ नावाची छोटी आज्ञावली प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणते. कर्नल एकेक उपकरण ओळखीत जातो व त्याचा वृत्तान्त पडद्यावर लिहितो. या लेखी पडद्यास कन्सोल म्हणतात.

१९८१ च्या आय.बी.एम. वैयक्तिक संगणकात अशा पडद्यावर ८० रकाने व २५ ओळी मावत. आजचा पडदा ठिपक्यांचा असतो. किती ठिपके रुंद व किती उंच, हे ठरविण्याचे काम २००९ पासून लिनक्सचा कर्नलच करू लागला. येथेच मेख आहे. फर्मवेअरकडून कर्नलकडे पडद्याचा कारभार जाताना ड्रायव्हर आणि चित्र-कार्ड यांचे जमले नाही, तर पडदा अंधारतो. आत काम चालूच असते.

म्हणून प्रथम अंधार केव्हा झाला ते पाहावे. सुरुवातीचे बोधचिन्हही दिसले नाही, तर तार, मॉनिटर किंवा स्मृतीची पट्टी तपासावी. बोधचिन्ह दिसून मग अंधार झाला, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. अशा वेळी ‘कॅप्स लॉक’ दाबून पाहावे. त्याचा दिवा लागला-विझला, तर यंत्र जागे आहे असे समजावे.

उपाय अवघड नाही. यंत्र पुन्हा सुरू करताना ‘एस्केप’, जुन्या यंत्रात ‘शिफ्ट’, दाबल्यास बहुधा ग्रबची यादी दिसते. तेथे ‘ई’ दाबावे. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतील ‘क्वाएट’ व ‘स्प्लॅश’ हे शब्द खोडावेत; त्यामुळे लपविलेला वृत्तान्त दिसू लागतो. त्याच ओळीच्या शेवटी ‘नो’, ‘मोड’, ‘सेट’ ही तीन पदे इंग्रजीत, लहान लिपीत, सलग जोडून लिहावीत आणि ‘कंट्रोल’ व ‘एक्स’ एकत्र दाबावे. आता कर्नल पडद्याची मांडणी बदलीत नाही. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा बदल त्या एका खेपेपुरताच टिकतो; म्हणून भिण्याचे कारण नाही. मात्र ही कुबडी आहे, पाय नव्हे. पडदा दिसताच प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी आणि मग योग्य ड्रायव्हर बसवावा.

आपल्या भाषेशी निगडित असाही एक प्रश्न आहे. कन्सोलवर मराठी फाइल उघडली, की अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. कन्सोलच्या तक्त्यात फार तर ५१२ अक्षराकृती मावतात आणि प्रत्येकीस ठराविक घर असते. आपली लिपी अशी घरात बसणारी नव्हे. ‘कि’ मध्ये वेलांटी साठविली जाते ‘क’ नंतर, दिसते मात्र आधी; जोडाक्षरांत तर दोन वर्णांचा एक आकार होतो. ही जुळणी कन्सोल करीत नाही. तीच फाइल चित्रमय खिडकीत उघडली, की मजकूर जसाच्या तसा आढळतो. चौकोन पाहून फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकणे म्हणजे वाचता येत नाही म्हणून पोथी जाळण्यासारखे आहे.

तात्पर्य, पडदा हा केवळ निरोप्या आहे. तो गप्प झाला म्हणून घरातली माणसे गेली असे मानू नये. आधी दार वाजवून पाहावे.