प्रतिस्पर्ध्यांचे सहकार्य

सुतार आपापले कसब जपून ठेवतात. परंतु फूटपट्टीवरील इंच मात्र सर्वांचा सारखाच असावा लागतो. प्रत्येक व्यवसायात स्पर्धेइतकीच अशा समान मापांची आवश्यकता असते. ती मापे कोणी ठरवली, हे जुन्या व्यवसायांच्या बाबतीत सांगणे बहुधा कठीण जाते. वेबची पाने रचणारे रचनाकार आणि त्या पानांद्वारे मालाची जाहिरात करणारे व्यावसायिक यांचा व्यवसाय मात्र अलीकडचा असल्यामुळे, मापे ठरण्याची ही क्रिया त्यात स्पष्टपणे पाहता येते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्वांसाठी खुले केले. पुढच्याच वर्षी वेबची मानके ठरवण्यासाठी एक संघ स्थापन झाला. परंतु या संघाची मानके म्हणजे केवळ शिफारशी होत्या. त्या पाळण्याची सक्ती करण्याचा अधिकार संघाला नव्हता.

याचा परिणाम लवकरच दिसू लागला. पाने पडद्यावर दाखवणाऱ्या प्रणालीला ब्राउझर म्हणतात. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांच्या ब्राउझरांमध्ये १९९५ नंतर तीव्र चढाओढ सुरू झाली आणि प्रत्येक कंपनी आपल्यापुरत्या खुणा वेबच्या भाषेत घालू लागली. एकीने लुकलुकणारी अक्षरे आणली, तर दुसरीने पडद्यावरून सरकत जाणारी. एका ब्राउझरमध्ये नीट दिसणारे पान दुसऱ्यात विस्कटत असे. त्यामुळे रचनाकाराला एकाच पानाच्या दोन-दोन आवृत्त्या कराव्या लागत किंवा अमुक ब्राउझर वापरावा, अशी सूचना पानावर द्यावी लागे. या दुप्पट श्रमाचा भार अखेर ग्राहकावर पडे. मजकूर ध्वनीत रूपांतरित करून ऐकणाऱ्या अंध वाचकाला तर अशा पानांतून अर्थ लावणे अवघड होई.

यावरचा उपाय तत्त्वतः उपलब्ध होता. होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये पानाचा आशय आणि त्याचे बाह्य रूप एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची योजना मांडली होती. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने तिचे पहिले मानक डिसेंबर १९९६ मध्ये सिद्धही झाले. तथापि, ब्राउझरांनी त्याचा स्वीकार अर्धवट व सदोष रीतीने केला.

अशा स्थितीत १९९८ मध्ये काही रचनाकार एकत्र आले व त्यांनी ‘वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट’ ही संघटना उभारली. ग्लेन डेव्हिस, जॉर्ज ओल्सन आणि जेफ्री झेल्डमन हे तिच्या संस्थापकांपैकी होत. वास्तविक असे रचनाकार एकाच बाजारपेठेत काम मिळवणारे, म्हणजे परस्परांचे प्रतिस्पर्धी. परंतु विसंगत ब्राउझरांमुळे होणारे नुकसान सर्वांचे सारखेच होते आणि एकट्याच्या तक्रारीला कंपन्यांच्या लेखी मोल नव्हते. संघटनेने ब्राउझरांतील दोष जाहीरपणे दाखवून दिले, त्याचबरोबर कंपन्यांच्या अभियंत्यांशी संवादही ठेवला. २००५ मध्ये तिने एक चाचणीपान तयार केले. ब्राउझर नियम पाळत असेल तरच त्या पानावर हसरा चेहरा नीट उमटे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टबरोबर एक संयुक्त कृतिगट स्थापन झाला आणि २००९ मधील त्या कंपनीचा ब्राउझर ही चाचणी उत्तीर्ण झाला. आपले मुख्य कार्य पार पडले असे मानून संघटनेने २०१३ मध्ये स्वतःचे विसर्जन केले.

केवळ दोष दाखवून मतपरिवर्तन होत नाही. उदाहरणही पुढे ठेवावे लागते. कॅनडातील डेव्ह शे यांनी २००३ मध्ये ‘सीएसएस झेन गार्डन’ या नावाने एकच मजकूर सर्वांपुढे ठेवला आणि त्यातील एका शब्दालाही न बदलता त्याला नवे रूप देण्याचे आवाहन केले. अनेक देशांतील रचनाकारांनी शेकडो रूपे पाठवली. शिवाय प्रत्येक रचनेची कृती कोणालाही वाचता येत असल्यामुळे हे प्रदर्शन एक पाठशाळाच ठरले.

जाहिरातदारांचा मार्गही याहून निराळा नव्हता. ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘हॉटवायर्ड’वर पट्टीच्या आकाराच्या जाहिराती झळकल्या. त्यानंतर जो तो आपापल्या आकाराची जागा विकू लागला आणि एकच जाहिरात अनेक मापांत करावी लागू लागली. १९९६ मध्ये या व्यावसायिकांची संघटना अमेरिकेत स्थापन झाली व काही ठरावीक मापे मान्य करण्यात आली. ४६८ बाय ६० बिंदूंची पट्टी हे त्यांपैकी सर्वपरिचित माप होय. पुढे २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या शोधसेवांनीही पानावरील माहितीचे वर्णन करणारी एक समान शब्दावली स्वीकारली.

समान मापांअभावी काय घडते, याचा अनुभव भारतीय भाषांनीही घेतला आहे. यूनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले होते. तरीही त्या दशकात अनेक भारतीय संकेतस्थळे आपापल्या स्वतंत्र फाँटांवर चालत असत. तो फाँट जवळ नसलेल्या वाचकाला अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत आणि एका स्थळावरील शब्द दुसऱ्या स्थळावर शोधता येत नसे. यूनिकोडचा वापर रूढ झाल्यावरच ही अडचण दूर झाली.

मात्र सहकार्य हे सर्व रोगांवरील औषध नव्हे. आपला माग काढला जाऊ नये, ही वाचकाची इच्छा ब्राउझरने संकेतस्थळाला कळवावी, यासाठी २०११ मध्ये मानक-संघाने एक कार्यगट नेमला. जाहिरातदार, ब्राउझर-निर्माते आणि खाजगीपणाचे पुरस्कर्ते त्यात एकत्र बसले. परंतु प्रभावी एकमत होऊ शकले नाही व २०१९ मध्ये कार्यगटाचे काम थांबले. पट्टीचे माप ठरल्याने सर्वांचाच खर्च वाचत होता. येथे मात्र एका पक्षाचा लाभ ही दुसऱ्याची हानी होती.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. हित समान असते तेथे प्रतिस्पर्धीही सहज एकत्र येतात आणि त्या एकजुटीचा लाभ तिऱ्हाईत वाचकालाही मिळतो. हितसंबंध परस्परविरोधी असतात तेथे मात्र केवळ सद्भावना अपुरी पडते. अशा वेळी वाचकाची बाजू राखण्यासाठी कायद्याचा आधार घ्यावा लागतो.