डॉक्टरांची चिठ्ठी आणि मेडिकलचा प्रवेश

नीटचा निकाल लागला, की दवाखान्यात रुग्णांबरोबर पालकांचीही ये-जा सुरू होते. "डॉक्टरसाहेब, पोरीले मेडिकलले लावाचं हाये. तुमची एखादी चिठ्ठी द्या ना!" घाटंजी आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मायबापांची तळमळ मला समजते. परंतु या चिठ्ठीविषयी बरेच गैरसमज आहेत आणि ते महागात पडू शकतात. म्हणून आज त्यांचाच विचार करू.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्या देशात एम.बी.बी.एस.च्या प्रवेशाला कोणत्याही डॉक्टरचे शिफारसपत्र लागत नाही. ७२० गुणांची नीट परीक्षा, त्यातील क्रमांक आणि आपला प्रवर्ग यांवरच प्रवेश ठरतो. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या राज्य शासनाच्या महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा सीईटी कक्षामार्फत आणि १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. सेवाग्रामला पूर्वी स्वतंत्र प्रवेश परीक्षा होती व तीत गांधीविचारांचा पेपर असे. आता तेथेही नीटच आहे.

असे असूनही दलाल पालकांना गाठतातच. एका शेतकरी पालकांना सांगण्यात आले होते, "दोन मोठ्या डॉक्टरांची पत्रे आणा, टोकन भरा, सीट पक्की!" कापूस विकून आलेले पैसे त्यांनी त्यासाठी बाजूला काढून ठेवले होते. सुदैवाने पैसे देण्याआधी ते विचारायला आले. पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे, पत्राच्या नावाने जो पैसे मागतो तो फसवतो.

मग डॉक्टरचा कोणता कागद लागतो? प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय योग्यतेचे प्रमाणपत्र, म्हणजेच फिटनेस सर्टिफिकेट लागते. ते नोंदणीकृत डॉक्टरकडून विहित नमुन्यात घ्यावे. विद्यार्थ्याने स्वतः यावे, तपासणी करून घ्यावी. "पोरगा कोट्याला आहे, सही तेवढी करून द्या," असे म्हणू नये. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवणे, त्यात सही किंवा अंगठा व ओळखीची खूण घेणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. खोट्या प्रमाणपत्रामुळे डॉक्टरचे नाव नोंदणीतून निघू शकते. दिव्यांग कोट्यासाठी मात्र ठरवून दिलेल्या केंद्राचेच प्रमाणपत्र चालते, आमचे नाही.

परदेशातील रीत वेगळी आहे. अमेरिकेत पदवी घेतल्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज करतात. तेथे प्राध्यापकांची, आणि बऱ्याचदा ज्या डॉक्टरांचे काम विद्यार्थ्याने जवळून पाहिले त्यांचीही पत्रे मागतात. ही पत्रे सहसा गोपनीय असतात व लिहिणाऱ्याकडून परस्पर जातात. डॉक्टरचे नाव किती मोठे आहे याला तेथे फारसे महत्त्व नाही. त्याने विद्यार्थ्यात स्वतः काय पाहिले, हे महत्त्वाचे. ओळखीपाळखीवर लिहिलेले गोड पत्र वाचणाऱ्याला लगेच कळते.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घ्या. थॉर्बर्न नावाच्या डॉक्टर दांपत्याने त्यांना पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची वाट दाखविली. परंतु अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. आपले पूर्वशिक्षण अपुरे आहे हे न लपवता, पुरुष डॉक्टरकडे जायला कचरणाऱ्या आपल्या देशभगिनींची सेवा करायची आहे, हे त्यांनी स्पष्ट मांडले. १८८३ मध्ये प्रवेश मिळाला आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, डॉक्टरकडे चिठ्ठी मागायला येण्यापेक्षा काम पाहायला या. अकरावी-बारावीच्या सुट्टीत आठ-दहा दिवस परवानगी मागा. वेळेवर या, कोपऱ्यात उभे राहा, कशाला हात लावू नका. रुग्णाची संमती असेल तरच तपासणीच्या वेळी थांबा. पाहिले-ऐकले ते बाहेर बोलू नका आणि रुग्णाचा फोटो तर कधीच काढू नका. रोज रात्री वहीत चार ओळी लिहा, पण त्यात रुग्णाचे नाव नको.

या आठ दिवसांत डॉक्टरकीचे खरे रूप दिसते. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा रुग्णाजवळ रात्रभर बसण्याची तयारी आहे का, हे कोचिंग क्लासमध्ये कळत नाही. काहींची ओढ हे पाहून वाढते. काहींना आपला रस्ता वेगळा आहे हे वेळीच उमगते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. दोन-तीन वर्षे पुन्हा पुन्हा परीक्षा देऊन, कर्ज काढून मग कळण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

पालकांनीही मुलांना एकदा शांतपणे विचारावे, "डॉक्टर तुला व्हायचं आहे, की आम्हाला तुला करायचं आहे?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीत सापडणार नाही.