पहिलं बिल पाठवण्याआधी

“घरी बसून भाषांतर करणार म्हणते, पण महिन्याला मिळणार किती?” असं विचारणारे आईबाबा मला नेहमी भेटतात. त्यांची काळजी रास्तच आहे. पण या कामाला पगार नसतो, शब्दामागे दर असतो. एखाद्या महिन्यात काम आवरत नाही, तर पुढचा महिना रिकामा जातो. म्हणून घरच्यांनी वर्षभर जेवणाराहण्याची चिंता मुलीवर टाकू नये आणि रोज संध्याकाळी “आज काही आलं का?” असं विचारूही नये. सुरुवातीला याहून मोठा आधार नाही.

पहिलं काम बहुधा ओळखीतून येतं. कॉलेजच्या मॅडम, गावातला प्रकाशक, एखादी संस्था. पण “नमुना दाखव” म्हटल्यावर काहीतरी हाती हवं. त्यासाठी मराठी विकिपीडियावर आपल्या विषयातले चार-पाच लेख भाषांतरित करावेत. केलेलं काम आपल्या सदस्यनावावर नोंदलेलं राहतं. ‘ओमेगा-टी’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आधी भाषांतरित केलेली वाक्यं ते समोर आणून देतं, ते आत्ताच शिकून घ्यावं. हल्ली एजन्सी यंत्राने केलेलं भाषांतर सुधारायला पाठवतात आणि दरही कमी देतात. मजकूर पाहिल्याशिवाय अशा कामाला हो म्हणू नये. कित्येकदा ते पुसून नव्याने लिहिण्यात कमी वेळ जातो.

पैशांचं मात्र नीट सांगायला हवं. माझ्या पहिल्या मोठ्या कामाचं सगळं बोलणं फोनवर झालं होतं. पैसे यायला आठ महिने लागले, आणि तगादा लावताना मलाच लाज वाटत होती. दर, शब्दसंख्या मूळ मजकुराची धरायची की भाषांतराची, आणि पैसे कधी मिळणार, एवढं ईमेलवर आलं असतं तरी पुरलं असतं.

तेव्हा मला माहीत नव्हतं, ते मुलांना आजच माहीत असावं. एकट्याने काम करणाऱ्यालाही ‘उद्यम’ नोंदणी करता येते. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा नोंदणीकृत व्यावसायिकाचे पैसे ग्राहकाने केलेलं काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. नोंदणी काम हाती घेण्याआधीच झालेली बरी.

कंपनीने १० टक्के टीडीएस कापला तर घाबरू नये. विवरणपत्र भरल्यावर तो करात वळता होतो, जास्तीचा परत मिळतो. जीएसटीची नोंदणी साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेल्यावर लागते, तो दिवस अजून लांब आहे. तूर्त एक वही घ्या. कोणाचं काम, किती शब्द, बिल कधी पाठवलं, पैसे कधी आले. पहिल्या ओळीत शेवटचा रकाना बराच काळ कोरा राहील.