तापीखोऱ्यात मुक्काम: आधी सावली, मग नजारा

सह्याद्रीतल्या भटक्यांना मुक्कामाची जागा निवडताना एक सवय लागलेली असते. सकाळी तंबूची चेन उघडली की समोर काय दिसेल, हे ते सगळ्यात आधी बघतात. खान्देशात हा हिशोब सगळ्यात शेवटी करायचा. इथे आधी विचारायचं ते एवढंच: दुपारी दोन वाजता या जागेवर सावली कुठे असते आणि पाणी किती लांब आहे?

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीवर आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग आणि मधे तापी, गिरणा, पांझरेच्या काळ्या मातीचा सपाट पट्टा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५च्या घरात जातो ही दरवर्षीची बातमी आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहावर येतो ही त्याच पेपरातली सहा महिन्यांनंतरची बातमी. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा खरा हंगाम, आणि तेव्हा जाड स्लीपिंग बॅग लागते. पुण्या-मुंबईची मंडळी ‘खान्देश म्हणजे गरम’ एवढंच डोक्यात ठेवून पातळ चादर घेऊन येतात आणि पहाटे शेकोटी शोधत फिरतात.

पवनेच्या काठी किंवा भंडारदऱ्याला दिसतात तशा ओळीने लावलेल्या तंबूंच्या जागा इथे गावोगाव मिळणार नाहीत. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, कॅराव्हॅनचं धोरण २०२१ साली. पण कॅम्परव्हॅन उभी करायची, वीज-पाणी जोडायचं आणि निवांत झोपायचं, अशी तयार जागा गृहीत धरून जळगाव-धुळे या दोन जिल्ह्यांत निघू नये. मुक्काम करायचा तो कुणाच्या तरी मळ्यात, पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेल्या एखाद्या कृषी पर्यटन केंद्रात, वनखात्याच्या विश्रामगृहात, देवस्थानाच्या भक्तनिवासात किंवा महामार्गावरच्या ढाब्यावर. माझं मत विचाराल तर ओळखीतून मिळालेला मळा सगळ्यांत उत्तम. त्या मळ्यात नेमकं काय बघायचं, ते जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे केळीच्या बागेत तंबू लावू नका. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवीगार बाग दिसते, आत शिरलं की अंगाला गारवा लागतो आणि मोह होतो. पण त्या गारव्याचं कारण दिवसरात्र ओली राहणारी जमीन हेच आहे. आत वारा खेळत नाही, डास अंगावर तुटून पडतात, ओलीला बेडूक आणि बेडकांच्या मागे साप येतात. घडाच्या ओझ्याने वाकलेलं झाड वाऱ्याच्या एका झोताने आडवं होतं. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला इथे जी वादळं येतात, त्यांत अख्ख्या बागा झोपतात. तिथे तंबूची काय कथा.

बागेचा फायदा मात्र घेता येतो, तो बाहेर राहून. उन्हाळ्यात इथला वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. केळीवाले बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरीचं किंवा गजराज गवताचं कुंपण लावतात ते याच वाऱ्यापायी. बाग आपल्या पश्चिमेला राहील आणि मधे एखादं कोरडं वावर सुटेल अशी जागा धरली, तर बागेवरून आलेला वारा थोडा निवून पोहोचतो आणि डासही त्या मानाने कमी येतात.

सगळ्यात चांगली जमीन खळ्याची. टणक, सपाट, किंचित उंचावर आणि बहुधा निंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाजवळ. पण त्या झाडाच्या फांद्या नीट निरखून घ्या. आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर ती जागा कितीही चांगली असो, सोडून द्या. बाभळीखाली सावली फसवी आणि काटे खरे असतात. तंबूची मॅट आणि गाडीचं टायर दोन्ही जातात. संध्याकाळी जागा ठरवताना चप्पल काढून जमिनीवर दोन मिनिटं अनवाणी उभं राहा. दुपारभर उन्हात तापलेली जमीन सूर्य मावळल्यावरही तळव्यांना लागते, आणि ती मध्यरात्रीपर्यंत तुम्हाला खालून भाजत राहणार. दोन वाजल्यापासून सावलीत असलेली जमीन पायाला लगेच कळते. किल्ल्यावरच्या कातळाचंही तेच. मार्चनंतर लळिंगच्या किंवा भामेरच्या माथ्यावर रात्र काढायची हौस असेल, तर दगड उशिरापर्यंत गरम राहतो हे धरून चला. त्यापेक्षा पहाटे अंधारात चढायला लागून नऊच्या आत खाली यावं.

दुसरी गोष्ट शहरातल्या माणसाला सुचतच नाही: लाईट कोणत्या पाळीची आहे? शेतीपंपाची वीज सगळीकडे दिवसाच मिळते असं नाही. बऱ्याच फीडरवर ती पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. अमळनेर-धुळ्याच्या बाजूला एखादे आप्पा सहज सांगून जातात, ‘या आठोडाले रातनी लाईट शे, भाऊ.’ तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि तंबू सऱ्यांच्या खालच्या अंगाला ठोकता. मग रात्री कधीतरी मोटर सुरू होते, सालदार बॅटरी घेऊन पाणी भरायला येतो आणि तंबूखाली थंडगार काहीतरी सरकायला लागतं. म्हणून पाळी विचारायची आणि कोणत्या वावराला पाणी जाणार आहे तेही विचारायचं. उताराच्या वरच्या बाजूला, विहिरीपासून आणि मोटरच्या पेटीपासून लांब जागा मागायची.

पाण्याचंही असंच. ठिबकच्या नळीतून गळणारं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका, त्यात भांडी धुऊ नका. विद्राव्य खतं त्याच नळीतून सोडतात. फवारणीची टाकी, तिच्याजवळची बादली, मग यांना हात लावायचा नाही. जुलै ते ऑक्टोबर कपाशीच्या फवारणीचे दिवस असतात. तेव्हा कपाशीला लागून मुक्काम नकोच. पिण्याचं पाणी घरातून किंवा गावातल्या जारवाल्याकडून घ्या, आणि उन्हाळ्यात माणशी पाच लिटर धरा. अंघोळीचं वेगळं.

व्हॅन घेऊन येणाऱ्यांसाठी काही गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. शिवाररस्त्याने आत शिरण्याआधी एक जण उतरून चालत पुढे जाऊन बघून येऊ दे: झोळलेल्या विजेच्या तारा, खाली आलेल्या फांद्या आणि वळायला जागा. ठिबकच्या नळ्यांवरून चाक घालू नका. तुमच्या गाडीला काही होत नाही, शेतकऱ्याचं मात्र सकाळी नुकसान निघतं. पावसाळ्यात काळ्या मातीत जायचंच नाही. दोन सरी पडल्या की ती चाकांना चिकटून मडगार्डपर्यंत भरते, मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाले दादा त्या वेळी स्वतःच्या कामात असतात. उन्हाळ्यात गाडी पूर्व-पश्चिम उभी करा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लांब बाजूंवर न पडता पुढच्या-मागच्या अरुंद बाजूंवर पडतं. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी लावण्याचा आग्रह प्रेमाने होतो. तो तितक्याच प्रेमाने टाळा, कारण वरून पत्रा तापतो आणि आतली हवा हलत नाही. एसी लावायला थ्री फेजच्या पेटीतून वायर काढण्याचा विचारही करू नका. घरातल्या एका प्लगवर मोबाईल, पंखा आणि फार तर लहान फ्रिज चालेल, आणि त्या विजेचे पैसे आपणहून द्यायचे.

मार्च-एप्रिलमध्ये मळ्यात राहायचंच झालं, तर तंबू गुंडाळून ठेवा. खाट मागा, वर मच्छरदाणी बांधा. जुन्या गावांत मातीच्या छताची धाब्याची घरं अजून उभी आहेत. त्या धाब्यावर रात्री जी झोप लागते ती कुठल्याही चार सीझनच्या तंबूत लागत नाही.

आता कुठे मुक्काम करू नये ते. नदीच्या पात्रात नाही, हे एक. गिरणेची, तापीची वाळू चांदण्यात फार सुंदर दिसते. पण गिरणा धरणातून उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटतं तेव्हा कोरडं पात्र वाहतं होतं. तापी उगम पावते मध्य प्रदेशात मुलताईला. तिकडे, बऱ्हाणपूरकडे किंवा मेळघाटात पाऊस झाला की इथे आभाळ कोरडं असतानाही हतनूरचे दरवाजे उघडावे लागतात, आणि ते थोडेथोडके नाहीत, ४१ आहेत. शिवाय रात्री वाळूच्या डंपरांची ये-जा असते. त्यांच्या वाटेत तंबू असणं पाण्याच्या वाटेत असण्याइतकंच वाईट. तापीकाठची जमीन म्हणजे खोल गाळाची, ओघळींनी चिरलेली. काठाच्या अगदी कडेला गाडी लावली तर कडा ढासळते.

दुसरं, अभयारण्यात परवानगीशिवाय नाही. यावल, गौताळा-औट्रमघाट आणि शिरपूरकडचं अनेर, ही तिन्ही अभयारण्यं आहेत. तिथे रात्र काढायची तर वनखात्याची परवानगी काढून, त्यांनी नेमून दिलेल्या जागीच. सावदा-खिरोद्याहून वर गेलं की सातपुड्यात पाल लागतं. सुकी नदीच्या खोऱ्यातलं हे गाव रात्री जळगावपेक्षा निवांत आणि गार. खोऱ्याच्या उन्हापासून दोन दिवस सुटका हवी असेल तर मी पालचंच नाव घेईन. चाळीसगावहून पाटणादेवीला गेलात तर चंडिकेचं देऊळ, पाऊस असेल तर धबधबे, डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आणि भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, उभारलेल्या मठाचा उल्लेख असलेल्या शिलालेखाची जागा, असा भरगच्च दिवस जातो. पण अंधार पडण्याआधी अभयारण्यातून बाहेर या. नवरात्रात तर तिथे मुक्कामाचा विचारच नको, गर्दी मावत नाही.

बिबट्याबद्दल घाबरवायचं नाही, पण २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठच्या गावांत बिबट्याने माणसं मारली होती आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली. ऊस आणि केळीत बिबटे राहतात. त्यामुळे शेतकरी ‘उघड्यावर नका झोपू’ म्हणाले की वाद घालायचा नाही. उरलेलं मटण, मासे तंबूजवळ टाकायचे नाहीत, आणि रात्री लघवीला उठलात तर बूट झटकून घालून, टॉर्च लावूनच. या कोरड्या मुलखात फुरसं आहे, घोणस आहे. साप चावला तर मांत्रिक नाही, १०८ला फोन. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

दुपारचं काय करायचं? बारा ते चार मैदानात फिरण्यात काही शौर्य नाही. जळगावला असाल तर जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ बघा. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ. मुक्ताईनगरकडे असाल तर तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे. हतनूरचा जलाशय हिवाळ्यात पक्ष्यांसाठी बघायचा तर पहाटे किंवा पाचनंतर. लळिंगला जात असाल तर कुरणातला लांडोर बंगला चुकवू नका; डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली तिथे राहिले होते, आणि त्या आठवणीत दर ३१ जुलैला तिथे मोठी गर्दी लोटते.

ढाब्यावर रात्र काढायची वेळ आलीच, तर सुरत-नागपूर किंवा मुंबई-आग्रा महामार्गावर असा ढाबा निवडा जिथे कुटुंबं जेवताहेत आणि गाड्या उभ्या करायची जागा रस्त्यापासून आत आहे. मालवाहू ट्रकांच्या रांगेत व्हॅन लावली तर इंजिनांची घरघर रात्रभर. मालकाला सांगून, जेवण तिथेच घेऊन थांबावं. शेवभाजी मागवताना ‘तिखट कमी’ म्हणा. तरी ती तिखट येईल.

आणि हिवाळ्यात मळ्यात असाल तर भरीत तिथेच होऊ द्या. बामणोदची, आसोद्याची हिरवी मोठी वांगी (जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं) तेलाचा हात लावून कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर टाकतात. साल काळी पडून फाटते, आतून रस फसफसतो, मग सोलून लाकडी बडगीत ठेचतात. वर हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. जाळ कुठे करायचा ते मात्र घरधन्याला विचारून ठरवा. पऱ्हाटी भसकन पेटते, ठिणग्या लांब जातात आणि शेजारी कडब्याची गंजी असते. निघताना राख पाण्याने विझवा आणि प्लास्टिक गोळा करून सोबत न्या.

पैशांचं बोलणं आदल्या दिवशी, घरातल्या मोठ्या माणसाशी, सगळ्यांसमोर करावं. ‘आप्पा, जागेचे, पाण्याचे आणि जेवणाचे किती देऊ?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘पाहुन्याकडून काय घ्यायचं?’ ते ऐकून गप्प बसू नका. जेवण ज्या काकूंनी, वहिनींनी केलं त्यांच्या हातात रक्कम द्या. मुक्कामाची माहिती, गाडीचा नंबर आणि एक फोन नंबर पोलीस पाटलांकडे ठेवायला सांगा; रात्री अनोळखी गाडी दिसली की गावात सगळ्यात आधी त्यांनाच विचारणा होते.