इंग्रजी जोडक्रियापदें
‘गिव्ह’ म्हणजे देणें व ‘अप’ म्हणजे वर. परंतु ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें. आपल्या ‘सोडून देणें’ ह्यांत तरी कोण कोणास काय देतो? म्हणून जोडक्रियापद अखंडच शिकावें. वेरूळची सहल ‘पुट ऑफ’ केली म्हणजे लांबणीवर टाकली. ‘कॉल ऑफ’ केली म्हणजे रद्दच केली. एका शब्दाच्या चुकीनें घरीं भलताच निरोप जाईल! अर्जांत ‘पुट ऑफ’ऐवजीं ‘पोस्टपोन’ अधिक शोभतें. येथें कर्म सर्वनाम असल्यास तें मध्यें येतें: ‘पुट इट ऑफ’. ‘लुक आफ्टर हिम’, म्हणजे त्याला सांभाळ, ह्यांत मात्र तें शेवटीं येतें. ह्यास्तव प्रत्येक जोडीचें एक पूर्ण वाक्य वहींत उतरून ठेवावें.